सव्विसाव्या वर्षी कपाळ मागे सरकतंय, काय करू?

पत्र थोडक्यात असं: "वय २६, मूळचा जळगावचा, तीन वर्षांपासून नोकरीसाठी पुण्यात. दोन वर्षांत कपाळाचे दोन्ही कोपरे मागे गेलेत, भोवराही विरळ दिसायला लागलाय. वडिलांना तिशीतच टक्कल पडलं, मामांचे केस मात्र अजून दाट आहेत. आई म्हणते टँकरच्या पाण्यानं झालं, कांद्याचा रस आणि माक्याचं तेल लाव. आजी म्हणते एकदा गोटा कर, दाट येतील. मेडिकलमधून मिनॉक्सिडिल आणून लावलं तर सहाव्या आठवड्यात केस जास्तच गळायला लागले, म्हणून बंद केलं. फिनास्टेराइडबद्दल मित्र म्हणाला, लग्न व्हायचंय तुझं, हातही लावू नकोस. एका क्लिनिकनं ३,५०० ग्राफ्टचं ट्रान्सप्लांट हप्त्यांवर सांगितलंय. घरात स्थळं बघायला सुरुवात झालीये. काय करू?"

मिनॉक्सिडिल तुम्ही नेमकं नको त्या वेळी सोडलंत. डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने नुसता मुळात बसून राहतो आणि गळतो. मिनॉक्सिडिल या बसून राहिलेल्या मुळांना पुन्हा वाढीला लावतं आणि खालून येणारा नवा केस जुन्याला बाहेर ढकलतो. त्यामुळे दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळती वाढते. हे केस पुढच्या दोन-तीन महिन्यांत तसेही गळणारच होते, औषधानं ते एकदम गळले एवढंच. ही गळती औषध लागू पडत असल्याची खूण असते, आणि दुकानदार हे सांगत नाही म्हणून बरेच लोक इथेच बाटली फेकून देतात. गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो, तो पाहून 'मुळासकट आला' म्हणून लोक घाबरतात. तो विश्रांतीतल्या केसाचा तळ असतो. मूळ त्वचेत जागेवरच असतं.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तुम्ही वर्णन केलंय ते पुरुषी टक्कल आहे, असं पत्रावरून तरी वाटतं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचा हार्मोन बनतो. कपाळाच्या कोपऱ्यांतली आणि भोवऱ्याकडची मुळं जन्मतःच त्याला संवेदनशील असतील, तर वाढीच्या दर फेरीला मूळ थोडं आक्रसतं आणि केस आधीपेक्षा बारीक, आखूड उगवतो. काही फेऱ्यांनंतर नुसती लव उरते. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या मुळांना डीएचटीचा त्रास होत नाही, म्हणून टक्कल पडलेल्या माणसालाही मागे झालर राहते. डीएचटी रक्तात जास्त असतो असंही नाही, बहुतेकांचा अगदी सर्वसाधारण असतो. घरी खूण बघायची असेल तर कंगव्यातले केस पांढऱ्या कागदावर पसरा. सगळे सारख्या जाडीचे आणि लांब असतील तर कारण वेगळं असू शकतं. त्यात बरेचसे आखूड, बारीक आणि टोकाला निमुळते असतील तर मुळं आक्रसू लागली आहेत.

मामांचे केस दाट आहेत म्हणून आपण सुटलो, असं धरू नका. डीएचटी मुळात जिथे चिकटतो तो ग्राहक (रिसेप्टर) बनवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि ते आईकडून येतं, त्यावरून 'टक्कल आजोळाकडून येतं' हा समज पडला. पण यात इतरही पुष्कळ जनुकं असतात आणि ती दोन्हीकडून येतात. वडिलांना तिशीत टक्कल पडलं, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे.

टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यानं केस राठ होतात, मध्येच तुटतात, पण मूळ आक्रसत नाही. पुण्यात आल्यावर सुरू झालं म्हणून पाण्यावर आळ येतो. प्रत्यक्षात नोकरीला लागायचं वय आणि केस मागे सरकायचं वय एकच असतं. हेल्मेटवरचा आळही तसाच खोटा. आतून सुती रुमाल बांधा, घामानं कोंडा वाढतो तेवढा टळेल. जिममध्ये कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडची इंजेक्शनं किंवा गोळ्या घेत असाल तर मात्र त्यानं टक्कल खरोखर झपाट्यानं येतं. ते डॉक्टरांपासून लपवू नका.

पुढचं पाऊल त्वचारोगतज्ज्ञाकडे. खासगीत जायचं नसेल तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात त्वचा विभागाची ओपीडी असते. डॉक्टर डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) लावून एकाच जागचे केस किती कमी-जास्त जाडीचे आहेत ते बघतील. कोपरे आणि भोवरा असा ठरलेला साचा स्पष्ट असेल तर रक्ताच्या ढीगभर तपासण्यांची गरज नसते. सगळ्या डोक्यावरून सारखी गळती असेल, किंवा दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू, टायफॉइड, ऑपरेशन किंवा झटपट वजन कमी करण्याचा उपास-डाएट झाला असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी१२ आणि डी जीवनसत्त्व बघतात. तापानंतरची गळती सहाएक महिन्यांत आपोआप भरून येते. तिच्यावर मिनॉक्सिडिलचा खर्च करायची घाई नको. गोल, गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई, तिचा उपचार वेगळा. खपली, पू, आग किंवा दुखणं असेल तर थांबू नका, कारण काही आजारांत मूळ कायमचं नष्ट होतं. लहान वयात टक्कल सुरू झालेल्यांमध्ये रक्तदाब आणि साखरेच्या तक्रारी काहीशा जास्त आढळतात. त्यामुळे त्याच फेरीत रक्तदाब, कंबरेचा घेर आणि उपाशीपोटीची साखर मोजून घ्या. सिगारेट असेल तर सोडा.

डॉक्टरांनी हो म्हटलं की मिनॉक्सिडिल पुन्हा सुरू करायचं. यात लोक सर्वाधिक चुकतात ते लावण्याच्या पद्धतीत, म्हणून नीट सांगतो. द्रावण ५ टक्क्यांचं, एका वेळी १ मिली, दिवसातून दोनदा. ६० मिलीची बाटली बरोबर महिनाभर पुरायला हवी. तुमची दोन महिने पुरत असेल तर तुम्ही अर्धंच औषध लावताय. टाळू कोरडी हवी. आंघोळीनंतर लगेच ओल्या केसांवर लावलं तर औषध पातळ होऊन ओघळतं. कंगव्यानं भांग पाडा, ड्रॉपरचं टोक त्वचेला टेकवून चार-पाच थेंब सोडा, बोटानं पसरवा, मग बोटभर अंतरावर दुसरा भांग. कोपऱ्यांपासून भोवऱ्यापर्यंत सहा-सात भांगांत १ मिली संपतं. औषध केसांना लागून उपयोग नाही, ते त्वचेपर्यंत पोचायला हवं. चोळून मालिश करायची गरज नाही. हात साबणानं धुवा. चार तास डोकं धुऊ नका. रात्रीचं औषध झोपण्याच्या दोन तास आधी लावा, नाहीतर औषध उशीला जातं आणि उशीवरून गालांना लागून तिथे लव येते. द्रावणात अल्कोहोल असतं, वाळेपर्यंत विस्तवाजवळ जाऊ नका. घरात मांजर असेल तर फार जपा, मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी असतं, चाटण्यातूनही.

खाज आणि पांढरे पापुद्रे आले तर बहुधा दोष द्रावणातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलचा असतो. फोममध्ये ते नसतं, डॉक्टरांना विचारून फोमवर जा. एका वेळेला अर्धं झाकण फोम पुरतो, आणि तो थंड बोटांवर घ्यावा लागतो, कोमट बोटांवर लगेच विरघळतो. १० टक्क्यांचं घेतल्यानं दुप्पट फायदा होतो हा भ्रम आहे, खाज मात्र नक्की वाढते. छातीत धडधड, चक्कर किंवा पायांना सूज आली तर औषध थांबवून डॉक्टरांना दाखवा. मिनॉक्सिडिलचा जन्मच रक्तदाबाची गोळी म्हणून झाला होता आणि ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले, तिथून ते टाळूपर्यंत आलं. अमेरिकेत टाळूसाठी त्याला मान्यता मिळाली १९८८ मध्ये. हल्ली काही डॉक्टर याची अगदी कमी मात्रेची गोळीही देतात. ती रक्तदाब आणि हृदय तपासूनच घ्यायची, मेडिकलमधून परस्पर कधीच नाही.

फरक दिसायला चार ते सहा महिने, पुरता अंदाज यायला वर्ष. आणि हे आधीच मनाशी धरून चला: सोडलं की तीन ते सहा महिन्यांत मिळवलेलं सगळं जातं. दिवसातून दोनदा जमत नसेल तर एकदाच, पण रोज लावा. तीन आठवडे दोनदा आणि मग पंधरा दिवस सुट्टी, असं करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आता फिनास्टेराइड. तुमच्या मित्राची भीती अगदीच बिनबुडाची नाही, पण त्यानं ती फार फुगवली आहे. मिनॉक्सिडिल वाढीला ढकलतं, पण डीएचटीला हात लावत नाही. मुळं आक्रसण्याचं कारण रोखते ती ही गोळी. दिवसाला १ मिलीग्रॅम, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही. रक्तातला डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी उतरतो. बहुतेकांची घसरण थांबते, काहींचे केस पुन्हा जाड होतात, भोवऱ्यावर जास्त आणि कोपऱ्यांवर कमी. टक्कल पडण्याचा वेग तुमच्यासारखा असेल तर नुसतं मिनॉक्सिडिल पुरेल असं आम्हाला वाटत नाही. या गोळीबद्दल डॉक्टरांशी गंभीरपणे बोला.

दुष्परिणामांचं खरं चित्र असं. केसांसाठीच्या मूळ चाचण्यांत इच्छा कमी होणं, ताठरता कमी पडणं, वीर्य कमी येणं अशा तक्रारी शंभरात साधारण चार जणांनी केल्या. बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांतही शंभरात दोघांनी केल्या. बहुतेकांना गोळी थांबवल्यावर बरं वाटलं. काही पुरुष मात्र गोळी सोडल्यानंतरही त्रास राहिल्याचं सांगतात, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावणं चूक आहे. मनावरचा परिणाम आम्ही जास्त गंभीर मानतो. आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकानं २०२५ मध्ये पक्कं केलं. तुम्हाला किंवा घरात कुणाला नैराश्याचा त्रास होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळी सुरू असताना मन सतत खाली जायला लागलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता ती थांबवा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.

लग्नाच्या संदर्भात एवढंच. गोळी घेणाऱ्या पुरुषाला मुलं होत नाहीत, हे खरं नाही. काहींच्या शुक्राणूंची संख्या घटते आणि सहसा गोळी थांबवल्यावर सुधारते. मूल हवं असं ठरवाल तेव्हा डॉक्टरांना सांगा, ते काही महिने गोळी थांबवू शकतात. गरोदर बाईनं फुटलेल्या गोळीला हात लावू नये, पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांना धोका असतो. म्हणूनच प्रोस्टेटची ५ मिलीग्रॅमची स्वस्त गोळी आणून सुरीनं चार तुकडे करण्याची पद्धत घरात नको. तुकडे सारखे होत नाहीत आणि ओट्यावर भुकटी सांडते. गोळी चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर रक्तदान करू नका. फिनास्टेराइड घातलेलं मिनॉक्सिडिलचं द्रावणही मिळतं. रक्तात औषध कमी जातं, पण जातं, त्यामुळे वरच्या सूचना तिथेही लागू. ड्युटास्टेराइड याहून जोरकस आहे, पण ते शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळतं. लग्न, मूल हे सगळं पुढे असताना सुरुवात त्यानं करू नये.

ट्रान्सप्लांटला आत्ता स्पष्ट नाही म्हणा. हिशेब असा आहे. मागच्या झालरीतून आयुष्यभरात सुरक्षितपणे काढता येणारे ग्राफ्ट मोजके असतात, पुष्कळांचे पाच ते सात हजारांच्या आसपास. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस. क्लिनिक त्यातले ३,५०० तुमच्या कपाळाच्या कोपऱ्यांवर खर्च करायला निघालंय, म्हणजे सव्विसाव्या वर्षी निम्मी किंवा त्याहूनही जास्त शिल्लक संपवायची. लावलेले केस मागच्या भागातले असल्यानं टिकतात, पण त्यांच्या पाठीमागचे तुमचे मूळचे केस औषधाशिवाय गळतच राहणार. चाळिशीत कपाळावर दाट पट्टा, मागे मोकळं मैदान आणि भोवरा भरायला ग्राफ्ट नाहीत, अशी अवस्था होते. ती दुरुस्त करणं फार कठीण असतं. कुणी विशीतल्या मुलाला सोळाव्या वर्षासारखी सरळ, खाली आलेली कपाळरेषा काढून दाखवत असेल, तर तिथून उठा.

आधी किमान वर्षभर औषध, घसरण थांबली का हे बघणं, आणि शक्यतो तिशीच्या आसपास ट्रान्सप्लांटचा विचार. तेव्हाही शस्त्रक्रिया कोण करणार हे नाव घेऊन विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये याबद्दल सूचना काढल्या. रीतसर प्रशिक्षण घेतलेला त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनच हे करू शकतो, व्हिडिओ बघून किंवा कार्यशाळेला बसून शिकलेला माणूस नाही. 'डॉक्टर रेषा आखून जातील, बाकी टीम करेल' हे उत्तर मिळालं तर नकार द्या. भूल आणि ॲलर्जी सांभाळायची सोय नसलेल्या खोल्यांत ही शस्त्रक्रिया करून आपल्या देशात जीव गेलेले आहेत. हप्त्यांची सोय आणि 'या आठवड्यापुरती सूट' यावर निर्णय घेऊ नका. लग्नासाठी म्हणून घाई करणाऱ्यांना वेळेचंही भान नसतं: लावलेले केस दोन-चार आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतात आणि खरं रूप दिसायला दहा-बारा महिने लागतात.

आईच्या उपायांबद्दल बोलताना तिचं मन मोडू नका, पण वेळही घालवू नका. कांद्याच्या रसावर २००२ मध्ये एक छोटा अभ्यास झाला तो चाईवर, पुरुषी टकलावर नाही. रसानं टाळू भाजल्यासारखी लाल होते आणि त्यावर मिनॉक्सिडिल लावलं तर आगडोंब उसळतो. माका-जास्वंदाचं तेल केसाला चकाकी देतं, मुळाचं आक्रसणं थांबवत नाही. आईच्या हातचं तेल लावायचंच असेल तर रविवारी डोकं धुण्याआधी तासभर लावा आणि शाम्पूनं पूर्ण काढा. तेलकट टाळूवर मिनॉक्सिडिल नीट शिरत नाही. कोंडा असेल तर २ टक्के किटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस तीन ते पाच मिनिटं ठेवून. बायोटिनची कमतरता अगदी दुर्मिळ, त्यामुळे त्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. आधीच घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचणं. त्याचा निकाल माणसागणिक बदलतो आणि तो महाग असतो. मुख्य औषधांची जागा तो घेऊ शकत नाही, जोडीला ठीक. सुयांच्या रोलरला थोडा बरा आधार आहे. मुंबईत सायनच्या रुग्णालयात १०० पुरुषांवर १२ आठवड्यांचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा १.५ मिलिमीटरचा रोलर आणि मिनॉक्सिडिल अशी जोडी नुसत्या मिनॉक्सिडिलपेक्षा सरस ठरली. हे डॉक्टरांकडूनच करून घ्या आणि त्या दिवशी मिनॉक्सिडिल लावू नका. मागवलेला रोलर निर्जंतुक न करता फिरवून टाळूत पू करून घेणारे पुष्कळ आहेत.

आज एक काम करा. कोरड्या केसांनी, एकाच दिव्याखाली समोरून, दोन्ही कोपऱ्यांचा, मान खाली घालून माथ्याचा आणि भोवऱ्याचा असे पाच फोटो काढा. दर तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच अंतरावरून पुन्हा. रोज आरशात बघून काही कळत नाही आणि मन खचतं ते वेगळंच. स्थळांसाठीच्या फोटोला किंवा एखाद्या समारंभाला भोवरा झाकायचा असेल तर केसांच्या रंगाची केराटिनची भुकटी मिळते. ती विरळ केसांना चिकटून दाट दिसते, पण पावसात आणि घामात ओघळते. मुलगी बघायला जाताना मात्र भुकटी किंवा केसांचा पॅच लावून जाऊ नका. लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी दिसलेलं बरं, आणि केसांवरून नकार देणाऱ्या घराशी सोयरीक न जुळणं तुमच्याच हिताचं आहे.

राहिला आजीचा गोटा. वस्तऱ्यानं केस त्वचेपाशी कापला जातो, मूळ त्याच्या कितीतरी खाली असतं, त्याला कळतही नाही. नव्यानं येणाऱ्या केसाचं टोक बोथट असल्यानं तो जाड वाटतो, एवढंच. पण बारीक केसांचा तुम्हाला दुसरा फायदा आहे. सलूनमध्ये बाजूचे आणि मागचे केस मशीननं बारीक करायला सांगा, वरचे बोटभर ठेवा. बाजू दाट आणि लांब असली की वरचं विरळपण जास्त उठून दिसतं. केस आखूड असले की मिनॉक्सिडिलही थेट त्वचेवर पडतं आणि १ मिली वाया जात नाही.